आइसलँडमध्ये एकटी: भूशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या आठवणी

कातळरेघ (ऐरोली)

भूशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पहिल्या वर्षाची परीक्षा झाल्यावर गेल्या जूनमध्ये मी एकटी आइसलँडला जाऊन आले. तिथल्या धबधब्यांची छायाचित्रे सर्वांनीच पाहिलेली असतात, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचे आहे ते तिथल्या दगडाविषयी, आणि सोबत कोणी नसल्यामुळे त्या दगडापाशी हवा तितका वेळ थांबता आले त्याविषयी.

आमच्या गच्चीवरून पारसिकची डोंगररांग दिसते. तिच्या अंगावर दगडखाणींचे ओरखडे आहेत आणि पोटातून १९१६ साली सुरू झालेला रेल्वेचा बोगदा जातो. हा सगळा काळा बेसाल्ट कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा, हे उत्तरपत्रिकेत लिहायला सोपे आहे. पण तो पसरत असताना जमीन कशी दिसत असेल, ती निवायला किती काळ लागत असेल, याचे चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नव्हते. आइसलँडमधला सर्वांत जुना खडक सुमारे १.६ कोटी वर्षांचा आणि सर्वांत नवा गेल्या काही वर्षांतला. बेसाल्ट तोच, पण अजून घडतो आहे असा. शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, आजीने एक मुदत ठेव मोडली, आणि बरोबर येणाऱ्या दोन मैत्रिणींनी आयत्या वेळी माघार घेतल्यावरही मी बेत रद्द केला नाही.

मुंबईहून थेट विमान नाही. युरोपात कुठेतरी बदलावे लागते. ठाणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर होती, तर या सबंध देशाची चार लाखांच्या आत आहे आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. रेल्वे अजिबात नाही. बहुतेक पर्यटक गाडी भाड्याने घेतात. मला गाडी चालवता येत नसल्यामुळे बसच्या वेळा सांभाळत हिंडावे लागले आणि नकाशावरच्या कितीतरी जागा सोडून द्याव्या लागल्या. त्याचे फारसे वाईट वाटले नाही. बस एकदा गेली की दुसरी येईपर्यंत एकाच जागी काढायला कित्येक तास मिळत, आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली सक्ती कोणती?

राजधानी रेक्याविकमध्ये हाल्ग्रिम्सकिर्क्या हे ७४.५ मीटर उंचीचे चर्च आहे. वास्तुरचनाकार गुड्योन सामुएल्सन यांनी त्याची दर्शनी बाजू बेसाल्टच्या षट्कोनी स्तंभांसारखी चढत नेली आहे. अंधेरीची अशाच स्तंभांची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते चर्च पाहताच ओळखीचे वाटेल. (आपली टेकडी मात्र इमारतींच्या गराड्यात शोधावी लागते, हा वेगळा विषय.)

थिंगवेलिर येथे मी दोनदा गेले. इसवी सन ९३० पासून आइसलँडची लोकसभा उघड्यावर भरत असे ती ही जागा. लिखित कायदे नव्हते तेव्हा कायदा सांगणारा अधिकारी दर उन्हाळ्यात एकतृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी. १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली. ज्या कड्याच्या पायथ्याशी हे सगळे घडले तो कडा म्हणजे जमीन फाटून तयार झालेल्या दरीची पश्चिम बाजू होय. उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे) इथे एकमेकांपासून वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर वेगाने दूर जातात, आणि मधली जमीन खचत जाते. सहलीचे वाटाडे लोकांना एका भेगेवर पाय फाकवून उभे करतात आणि "एक पाय युरोपात, एक अमेरिकेत" म्हणत छायाचित्र काढायला लावतात. ते खरे नाही. फाटण्याचा हा पट्टा कित्येक किलोमीटर रुंद आहे आणि त्यात अशा असंख्य भेगा आहेत. पहिल्या खेपेला मी सहलीच्या गटाबरोबर होते, तेव्हा छायाचित्रे होताच सर्वांना बसमध्ये बसवले. दुसऱ्या खेपेला एकटी गेले आणि कड्यातले लाव्हाचे थर खालून वर मोजत, प्रत्येक थराच्या माथ्यावरचा वायूच्या बुडबुड्यांचा पट्टा वहीत रेखाटत संध्याकाळपर्यंत बसले. जूनमध्ये तिथे काळोख होतच नाही, त्यामुळे "संध्याकाळ" हे घड्याळाच्या हिशेबाने म्हणायचे.

सर्वांत जास्त मनात राहिले ते मात्र हेइमाए. दक्षिण किनाऱ्यासमोरच्या व्हेस्टमन बेटांपैकी वस्ती असलेले हे एकच बेट. लांडेयाहोफ्न बंदरातून बोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते, आणि समुद्र खवळलेला असला तर बोट दुसऱ्याच, बऱ्याच दूरच्या बंदरातून सुटते. २३ जानेवारी १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास या बेटावर गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली आणि दीड किलोमीटरहून लांब भेगेतून आगीचे कारंजे उडू लागले. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी बंदरातच उभ्या होत्या, म्हणून सुमारे ५,३०० माणसे त्याच रात्री मुख्य भूमीवर पोहोचली. जुलैच्या आरंभापर्यंत उद्रेक चालला. जवळपास ४०० घरे लाव्हा आणि राखेखाली गेली. लाव्हा बंदराचे तोंड बुजवू लागला तेव्हा थोरब्योर्न सिगुरगेइर्सन या भौतिकशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून समुद्राचे पाणी पंपाने त्यावर सतत मारण्यात आले. कडेचा लाव्हा निवून त्याचाच बांध झाला आणि बंदर वाचले. आज ते पूर्वीपेक्षा जास्त सुरक्षित आहे, कारण नव्या लाव्हाची भिंत त्याला वाऱ्यापासून आडोसा देते.

मी ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या आजी तेव्हा शाळकरी मुलगी होत्या. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटाने गावाचा नकाशा काढला आणि त्यांची गल्ली आता लाव्हाखाली कुठे आहे ते दाखवले. त्यांचे वडील लगेच बेटावर परत आले आणि इतर पुरुषांबरोबर छपरांवरची राख फावड्यांनी खाली लोटत राहिले. ज्वालामुखीच्या बाजूच्या खिडक्यांवर त्यांनी पत्रे ठोकले, कारण तापलेले दगड काचा फोडून आत पडत आणि घर पेट घेई. आजींना भीतीपेक्षा आठवत होते ते हे की, बोटीत सगळी मुले ओकत होती आणि एका बाईने मांडीवर पोपटाचा पिंजरा धरला होता. सोबत मैत्रिणी असत्या तर मी त्या टेबलाशी दोन तास बसले असते का, याची मला शंका आहे. आम्ही आपसांतच बोलत राहिलो असतो.

त्या उद्रेकातून उभा राहिलेला एल्डफेल हा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे. चढताना पायाखाली तांबडी-काळी, हलकी, भोके पडलेली खडी सरकत राहते. माथ्याजवळ ती थोडी बाजूला सारून मी तळहात ठेवला, तर आतून ऊब लागली. पन्नास वर्षे उलटून गेलेली! उद्रेकानंतर काही वर्षे गावाने याच निवणाऱ्या लाव्हातली उष्णता नळांनी घरोघर नेऊन घरे उबदार ठेवली होती. एक साधारण जाडीचा प्रवाह निवायला किती काळ लागतो हा प्रश्न मी वर्गात विचारला होता. त्याचे उत्तर हाताला लागले.

घोडबंदरकर

लेख आवडला. मी बापाच्या नजरेने विचारतो आहे, राग मानू नये. माझी मुलगी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि तिने असाच हट्ट धरला आहे. ज्वालामुखीच्या धोक्यामुळे तिथले ग्रिंडाविक गाव रिकामे केल्याच्या बातम्या आम्ही पाहिल्या होत्या. ज्वालामुखी जागा असलेल्या देशात मुलीला एकटीला पाठवायला आपल्या घरचे कसे तयार झाले? रात्री-अपरात्री एकट्या मुलीला तिथे कितपत निर्धास्त वाटते, हेही सविस्तर लिहावे.

कातळरेघ (ऐरोली)

काका, राग कसला. आमच्या घरी हेच प्रश्न महिनाभर रोज जेवताना निघत होते.

ग्रिंडाविक १० नोव्हेंबर २०२३ रोजी रिकामे केले, आणि शेजारी पहिला उद्रेक झाला तो १८ डिसेंबरला. म्हणजे जमिनीखालची हालचाल मोजून माणसे आधीच हलवली होती. ग्रिंडाविक ज्यावर आहे त्या रेक्यानेस द्वीपकल्पावर साधारण आठशे वर्षांच्या शांततेनंतर मार्च २०२१ पासून अशा भेगा उघडत आहेत. त्यांतून लाव्हा वाहतो, पण २०१० साली एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीने सगळ्या युरोपची विमाने जमिनीवर बसवली तशी राख यांतून उसळत नाही. गावाभोवती आणि जवळच्या भूऔष्णिक वीजकेंद्राभोवती मातीचे उंच बांध घातलेले आहेत. बाबांना मी नकाशा काढून हे दाखवले तेव्हा त्यांचा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा आजीने मोडून काढला.

माणसांची भीती मला कुठेच वाटली नाही. रात्री अकरालाही लख्ख उजेडात मुले सायकली फिरवत असतात. खरी भीती आहे ती हवेची आणि समुद्राची. रेइनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर लाटा एका लयीत येतात आणि मधेच एखादी त्यांच्यापेक्षा कितीतरी आत घुसून माणसाला ओढून नेते. तिथे माणसे दगावली आहेत आणि ठळक इशारे लावलेले असूनही लोक पाण्याकडे पाठ करून छायाचित्रे काढताना दिसतात. वारा इतका असतो की, गाडीचे दार उघडताना दोन्ही हातांनी धरा असे सांगतात. डोंगरात जाण्याआधी आपला मार्ग आणि परतण्याची वेळ संकेतस्थळावर नोंदवून ठेवण्याची सोय आहे. शोध घ्यायची वेळ आली तर ती नोंद उपयोगी पडते. मुलीला पाठवाल तेव्हा एवढी एक सवय लावून पाठवा. आईला मी रोज एका ठरावीक वेळी संदेश पाठवत असे. साडेपाच तासांचा फरक असल्यामुळे माझी दुपार म्हणजे तिची झोपायची वेळ.

सह्यभटका

तिथल्या बचाव पथकांचा उल्लेख राहिला, म्हणून भर घालतो. लांड्सब्योर्ग या संघटनेची पथके पूर्णपणे स्वयंसेवकांची आहेत. कोणी सुतार असतो, कोणी शिक्षक. हाक आली की काम टाकून निघतात. त्यांचा पैशाचा एक मोठा स्रोत म्हणजे नववर्षाच्या आधी होणारी फटाक्यांची विक्री. आपल्याकडे लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि सह्याद्रीतली इतर पथके हेच काम स्वतःच्या खिशाला खार लावून करतात, आणि दर पावसाळ्यात धबधब्यांवर अडकलेल्यांना काढताना त्यांची दमछाक होते. त्यांच्यासाठी अशी नियमित मिळकत उभी करता आली तर किती बरे होईल. (आपल्याकडे फटाके नकोत, दुसरे काही शोधू.)

आडवे थर

मी या विषयात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. लेखिकेने थिंगवेलिर पाहिले, आता तिने आणि इतर सभासदांनी त्याचा घरचा जोडीदार पाहावा, म्हणून हा प्रतिसाद.

माथेरानच्या कड्यांत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात. तिथून पश्चिमेकडे या, म्हणजे पनवेल ओलांडून ठाणे-मुंबईच्या बाजूला, तर हेच थर समुद्राच्या दिशेने कललेले आढळतात. या वाकाला भूशास्त्रात पनवेल फ्लेक्शर म्हणतात. तो किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण पसरला आहे. दख्खनचा लाव्हा ओतला गेला त्याच सुमारास सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून तुटून वेगळा झाला, आणि किनारा ताणला जाऊन वाकला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे थिंगवेलिरला आज जे चालू आहे, त्याच जातीची घटना आपल्या दाराशी होऊन गेलेली आहे.

मात्र तुलना सांभाळून करावी. आइसलँड महासागरी पर्वतरांगेवर बसले आहे आणि त्याखाली उष्ण द्रव्याचा स्वतंत्र झोतही आहे. तिथे फाटतो आहे तो समुद्रतळाचा भाग. आपल्याकडे फाटला तो खंड. पनवेलच्या वाकाशी जास्त जुळणारा नमुना हवा असेल तर तो पूर्व ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर आहे, जिथले लाव्हाचे थर अटलांटिक उघडताना असेच समुद्राकडे वाकले. आइसलँडमधले थरही फाटीच्या दिशेने कलतात, पण त्याचे मुख्य कारण वर साचत जाणाऱ्या नव्या लाव्हाचे ओझे हे आहे. एल्डफेलची ऊब मात्र मला मोहात पाडते आहे. आमच्या पिढीला असे प्रवास परवडत नव्हते. आम्ही दगड ओळखायला शिकलो ते खाणींत आणि रेल्वेच्या कटिंगमध्ये.

कातळरेघ (ऐरोली)

सर, ग्रीनलँडचा मुद्दा वहीत नोंदवला आहे. तिथे जायला आजीकडे दुसरी मुदत ठेव नाही.

थरांच्या कलाइतकीच मला गुंतवून ठेवणारी गोष्ट म्हणजे बुडबुडे. एल्डफेलच्या पायथ्याच्या लाव्हात वायूमुळे पडलेली भोके रिकामी आहेत. बोट घातले तर कडा अजून धारदार लागतात, लाव्हातली सुटलेली काच हातावर ओरखडा काढते. आपल्याकडे खाणीतून आलेला दगड फोडला की त्याच भोकांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक भरलेले मिळतात. पुण्या-नाशिकचे झिओलाइट स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत ते यामुळेच. लाव्हात पाणी मुरत गेले, खडकातले घटक विरघळवून भोकांत साठवत गेले, आणि हे व्हायला फार मोठा काळ लागला. आधी मला भोक आणि स्फटिक या दोन वेगळ्या नोंदी वाटत. रिकामे भोक पाहिल्यावर स्फटिक हा पुढचा टप्पा म्हणून दिसू लागला. आइसलँडच्या पूर्व भागात, जिथला लाव्हा जुना आहे, तिथेही उत्तम झिओलाइट मिळतात. बसने तिथवर जाणे मला जमले नाही.

पाचपाखाडी

मी गृहिणी आहे, दगडांतले काही कळत नाही, पण आजींच्या आठवणीतल्या त्या पोपटाच्या पिंजऱ्यावर अडकले. दोन गोष्टी विचारते. शाकाहारी असाल तर खाण्याचे काय केलेत? आणि इतके दिवस आपली भाषा कानावर न पडता करमले कसे?

कातळरेघ (ऐरोली)

ताई, घरून मुगाची डाळ, तांदूळ आणि मेतकूट नेले होते. वसतिगृहांत सामाईक स्वयंपाकघर असते आणि एका फळीवर परत जाणारे प्रवासी उरलेले तेल, मीठ, पास्ता ठेवून जातात. ते ज्याला हवे त्याने वापरायचे. बाहेर खाणे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाही. स्कीर हा दह्यासारखा घट्ट पदार्थ स्वस्त आणि पोटभरीचा आहे, चक्क्याची आठवण करून देतो. लाउगारवाट्न गावी तळ्याकाठच्या गरम वाळूत भांडे पुरून, एक दिवस ठेवून, राईचा गोडसर पाव भाजतात; तो लोण्याबरोबर खाल्ला आणि दुसरा तुकडा मागून घेतला. नळाचे थंड पाणी थेट झऱ्याचे, उत्तम चवीचे. गरम पाणी जमिनीतून येते, त्याला गंधकाचा वास असतो. पहिल्या दिवशी अंघोळीला नको वाटते, नंतर नाक सरावते.

करमण्याचे म्हणाल तर मधे एक दिवस वाईट गेला. पाऊस, वारा, बस रद्द, आणि खोलीत सगळे जोडीजोडीने. त्या दिवशी मी गावातल्या सार्वजनिक गरम पाण्याच्या तलावावर गेले. तिथे उतरण्याआधी पोहण्याचा पोशाख काढून, सर्वांसमोर, साबण लावून अंघोळ करणे सक्तीचे आहे; शरीराचे कोणते भाग घासायचे याचे चित्रच भिंतीवर लावलेले असते. आपल्याकडच्या मुलीला हे जड जाते आणि मीही बराच वेळ कपाटापाशी घुटमळले. पण तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसलेल्या बायका पाऊस अंगावर घेत किमती, हवा आणि शाळा यांवर बोलत होत्या. एकीने माझे नाव विचारले, वडिलांचे विचारले, आणि त्यांच्या पद्धतीने माझे आडनाव तयार करून दिले. तिथे घराण्याचे आडनाव सहसा नसतेच, वडिलांच्या किंवा आईच्या नावाला "मुलगी" किंवा "मुलगा" जोडतात, आणि दूरध्वनीच्या यादीतही माणसे पहिल्या नावाने लावलेली असतात.

उलवेकर

उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली जात असताना आम्ही रोज सुरुंगांचे आवाज ऐकत होतो. तेव्हा कापलेल्या बाजूत काळे-तांबडे पट्टे दिसत, त्यांचा अर्थ आज लागला. दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. विद्यार्थ्याला व्हिसासाठी कोणती कागदपत्रे लागली? आणि एल्डफेलचा एखादा दगड आणलात का?

कातळरेघ (ऐरोली)

दगड आणला नाही. संरक्षित जागांतून काहीही उचलायला मनाई आहे, आणि तिथे वर्षाला येणाऱ्या पर्यटकांपैकी प्रत्येकाने एक खडा जरी उचलला तरी त्या डोंगराचा माथा बसेल. मापे, रेखाटने आणि छायाचित्रे आणली.

आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवासविमा, परतीचे तिकीट, राहण्याची आरक्षणे आणि खर्चाची तजवीज दाखवणारे बँकेचे उतारे द्यावे लागतात. मी स्वतः नोकरी करत नसल्यामुळे बाबांचे खर्चाची हमी देणारे पत्र आणि त्यांचे आयकर विवरण जोडले. महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि सुट्टीच्या तारखा नमूद केलेले पत्र आधीच मागून ठेवा. कार्यालयात परीक्षेच्या दिवसांत ते मिळायला वेळ लागतो. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ लवकर भरते, म्हणून निदान तीन महिने आधी कामाला लागावे.

आडवे थर

उलवेकरांनी पाहिलेले तांबडे पट्टे बहुधा दोन प्रवाहांमधले आहेत. एक प्रवाह निवून त्याच्या माथ्यावर काही काळ ऊन-पावसाने माती तयार होते आणि पुढचा प्रवाह तिला भाजून काढतो. असा पट्टा जितका जाड, तितकी दोन उद्रेकांमधली विश्रांती मोठी, असा ढोबळ अंदाज करता येतो.

पावसाळा संपल्यावर कोणाला पाहायचे असेल तर माथेरानला दस्तुरीहून चालत वर जाताना कड्याकडे लक्ष ठेवावे आणि परतताना पनवेलच्या पश्चिमेच्या टेकड्यांची उतरण त्याच्याशी ताडून पाहावी. नवी मुंबईतल्या चालू खाणींत परवानगीवाचून शिरू नये. सुरुंगाच्या वेळा बाहेर फलकावर लिहिलेल्या असतीलच असे नाही.